भर दुपारी तोडलेली चारोळी

डोंगराच्या पायथ्याशी आश्रम करून राहणाऱ्या एका वृद्ध आचार्यांकडे एकदा एक तरुण शिष्य आला, आणि येताना बरेचसे ज्ञान बरोबर घेऊनच आला. त्याचे नाव श्रीरंग. शहरात राहून तो अर्थशास्त्र शिकला होता. शिकलेले सारे त्याला स्वच्छ आठवत असे आणि ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आचार्यांना त्याचे हे बोलणे आवडे. ते डोळे मिटून ऐकत आणि मधूनच एखादा साधा प्रश्न विचारत. त्या प्रश्नाने श्रीरंगाची बराच वेळ झोप उडे.

आश्रमामागच्या डोंगरावर चारोळीची झाडे होती. आपण बासुंदीवर, श्रीखंडावर घालतो तीच ही चारोळी. या झाडाला बोराहून लहान फळे येतात. चैत्रात ती हिरवी असतात आणि वैशाखाच्या उन्हात काळीजांभळी होतात. वरचा गर गोड, आत टणक बी, आणि ती बी जात्यावर हलक्या हाताने भरडली की आतला दाणा हाती येतो. डोंगर कोणा एकाच्या मालकीचा नव्हता. पायथ्याचे गाव पिढ्यान्‌पिढ्या तिथून चारोळी आणत आले होते. गावाचे पावसाळ्याचे मीठ-मिरची आणि कपडालत्ता त्यावरच निघत असे.

श्रीरंग आला त्या काळात मात्र गावाला चिंतेने घेरले होते. झाले होते ते असे. एका वर्षी कोणीतरी फळे पिकण्याच्या थोडे आधीच जाऊन आपली टोपली भरून आणली. पुढच्या वर्षी त्याचा शेजारी त्याच्याही आधी गेला. त्यानंतर कोणालाच धीर धरवेना. दर वर्षी फळे आदल्या वर्षीपेक्षा अधिक हिरवी उतरू लागली. कच्च्या फळाच्या बीमध्ये दाणा भरलेला नसतो, त्यामुळे पोतेभर बिया भरडल्या तरी ओंजळभर चारोळी निघेना. घाईत एकेक फळ तोडायला वेळ कोणाला होता? लोक कुऱ्हाडीने फांद्याच खाली पाडू लागले. हे चुकते आहे हे गावात प्रत्येकाला ठाऊक होते. तरीही चैत्र सरत आला की पहाटेच्या अंधारात जो तो आपली टोपली घेऊन, शेजाऱ्याला चाहूल लागू न देता, डोंगराची वाट धरी.

आश्रमात दूध घालायला सायत्राबाई नावाची एक वयस्क बाई येत असे. तिला एकदा श्रीरंगाने विचारले, "बाई, तुम्ही तरी थांबत का नाही?"

"थांबावं वाट्टे जी," ती म्हणाली. "पण मी थांबली अन् बाजूचा गेला, त मंग माह्या टोपलीत काय? ते फळ का माह्यासाठी थांबून राहणार हाय?"

श्रीरंगाला या उत्तरात चूक सापडली नाही. उलट, आपण पुस्तकात वाचले तेच ही बाई बोलते आहे, याचे त्याला नवल वाटले.

त्या वर्षी फाल्गुनात चारोळीचा व्यापारी गावात आला. तो वाईट माणूस नव्हता. वर्षानुवर्षे तो याच गावाचा माल घेत असे आणि पोकळ बियांनी त्याचेही नुकसान होतच होते. त्याने गावापुढे एक प्रस्ताव ठेवला. डोंगर त्याच्या ताब्यात द्यावा, तो सभोवार कुंपण घालील, राखणदार ठेवील, फळे पिकू देईल, आणि तोडणीला गावकऱ्यांनाच मजुरीवर घेईल. अर्धे गाव तयार झाले. उरलेल्या अर्ध्यांना काय म्हणावे ते सुचेना. गावाचे प्रमुख पैकुजी व्यापाऱ्याला घेऊन आचार्यांकडे आले.

"गुरुजी, तुमीच सांगा जी," पैकुजी म्हणाले. "डोंगर द्यावा का नाही?"

आचार्य म्हणाले, "माझा शिष्य हाच विषय शिकून आला आहे. आधी त्याला विचारू."

श्रीरंगाला आनंद झाला. तो सावरून बसला आणि सांगू लागला.

"कोणतीही वस्तू समोर आली की अर्थशास्त्री दोन प्रश्न विचारतात. ती वस्तू घेण्यापासून दुसऱ्याला अडवता येते का? आणि मी घेतली तर दुसऱ्याच्या वाट्याची कमी होते का? माझ्या ताटातली भाकरी घ्या. मी ती तुम्हाला न देता खाऊ शकतो, आणि मी खाल्ली की ती संपते. ती खाजगी वस्तू. देवळासमोरच्या दीपमाळेचा उजेड याच्या उलट आहे. तो कोणापासून अडवता येत नाही, आणि मी त्यात चाललो म्हणून तुमचा उजेड कमी होत नाही. ती सार्वजनिक वस्तू. आता कनात लावून केलेले नाटक पाहा. तिकीट नसणाऱ्याला दारात अडवता येते, पण आत बसलेल्यांपैकी एकाने पाहिले म्हणून दुसऱ्याचे नाटक कमी होत नाही. ती मंडळापुरती वस्तू."

"अन् आमचा डोंगर?" पैकुजींनी विचारले.

"डोंगर चौथ्या जातीचा. चारही बाजूंनी मोकळा, म्हणून अडवता कोणालाच येत नाही. आणि एकाने तोडलेले फळ दुसऱ्याला मिळत नाही. याला सामाईक संपत्ती म्हणतात. जिला कोणी अडवू शकत नाही आणि जी घेतल्याने संपते, ती शेवटी संपतेच. तिला वाचवायचे तर एक तर मालक द्यावा, नाहीतर राजाचा पहारा बसवावा."

व्यापाऱ्याने मान डोलावली. पैकुजींची मान मात्र खाली गेली.

"म्हणजे द्यावाच लागते," ते म्हणाले.

आचार्य आतापर्यंत डोळे मिटून बसले होते. त्यांनी डोळे उघडले. "वर्गीकरण निर्दोष आहे," ते म्हणाले. "उपायाविषयी मात्र मला थोडा अवधी हवा. फळे पिकायला अजून वेळ आहे. तोवर डोंगर जिथे आहे तिथेच राहू द्या."

चैत्र लागला. फळे धरली, पण अजून वाटाण्याएवढी आणि कडक हिरवी होती. इतक्या लवकर तोडायला गावातला सर्वांत उतावळा माणूसही जात नसे. एके दिवशी जेवणे झाल्यावर आचार्य एकाएकी उठले आणि म्हणाले, "श्रीरंग, दोन टोपल्या घे. डोंगरावर जायचे आहे."

वर पोचल्यावर त्यांनी एक वाकलेली फांदी खाली ओढली आणि फळे ओरबाडून टोपलीत टाकायला सुरुवात केली.

श्रीरंग चकित झाला. "आचार्य, ही तर अगदी कोवळी आहेत. यांत दाणाच नाही."

"तोड," आचार्य म्हणाले.

"पण आपण तर कधी या डोंगरावरून काही तोडून नेत नाही, गाव देते तेवढेच घेतो!"

"आज नेऊ. तोड."

श्रीरंगाने तोडली. त्याचे हात चालत होते आणि मन मात्र जागच्या जागी थबकले होते. ज्यांच्यासाठी तो शहर सोडून आला होता, ते आचार्य हेच का? टोपल्या भरल्यावर, आडवाटेने आश्रमाकडे जावे अशी त्याने मनोमन प्रार्थना केली. पण आचार्यांनी टोपली डोक्यावर घेतली आणि सरळ गावाच्या मधल्या रस्त्याने चालू लागले. भर दुपारची वेळ. पिंपळाच्या पारावर सारे गाव सावलीला बसले होते. आचार्यांनी पारापुढे टोपली उतरवली आणि घाम पुसत उभे राहिले. मान खाली घालून श्रीरंगानेही आपली टोपली शेजारी ठेवली.

मग सायत्राबाई पुढे आली. तिने मूठभर फळे उचलली, हातात चुरडून पाहिली आणि तिचा आवाज चढला.

"हे काय केलं जी तुमी? हे काय तोडाचे दिवस हायत?"

"मला वाटले," आचार्य शांतपणे म्हणाले, "मी थांबलो तर दुसरा कोणी नेईल."

पारावर कुजबुज झाली. लहानू नावाचा एक तरुण, ज्याची बायको तेव्हा बाळंतपणाला टेकली होती, तो ताडकन उठला. "तुमी गुरुजी हा, म्हणून काय झालं? असं कोणी करते का? ते फळ..." तो अडखळला.

"ते फळ काय, लहानू? बोल."

"ते फळ आमचं साऱ्यायचं हाय!"

"सर्वांचे म्हणजे माझेही. मग माझे काय चुकले?"

"तुमचं बी हाय, पण एकट्याचं नाई ना! तुमी कोणाले इचारलं?"

"कोणाला विचारायला हवे होते?" आचार्यांनी विचारले.

हा प्रश्न त्यांनी अगदी सरळ मनाने विचारला होता. खरोखरच उत्तर हवे असल्यासारखे ते लहानूकडे पाहत राहिले. लहानूने पैकुजींकडे पाहिले. पैकुजींनी सायत्राबाईकडे पाहिले. आणि प्रत्येकाला एकमेकांच्या नजरेत आपापली पहाटेची टोपली दिसली. कोणी कोणाला विचारले नव्हते, कारण विचारण्याजोगे कोणी नव्हतेच.

सायत्राबाई पाराच्या कडेला बसली. "मागच्या साली मी तरी कोणाले इचारलं?" ती हळूच म्हणाली. मग तिला एकदम हसू फुटले. "अन् माह्याआधी कोण गेलं होतं, तेही मले माहीत हाय!" यावर एक-दोघे खजील झाले, बाकीचे हसले, आणि कोंडलेले पाणी फुटावे तसे सारे एकदम बोलू लागले.

भांडण झाले. जुनी उणीदुणी निघाली. कोणी म्हणाले, फळ काळे पडल्याशिवाय कोणी डोंगर चढायचा नाही. पण काळे पडले हे ठरवायचे कोणी? रोज दोन घरांनी पाळीपाळीने वर जाऊन पाहायचे, बायांनीही जायचे, कारण झाड त्यांना अधिक कळते. तोडणीच्या दिवशी ढोल वाजल्यावर सर्वांनी मिळून निघायचे. कुऱ्हाड न्यायची नाही. एका म्हाताऱ्याने सुचवले की शेंड्याची फळे पाखरांना आणि अस्वलांना राहू द्यावीत, तीच पुढे रान पेरतात. शेजारच्या पाड्यावरचे लोक आले तर काय, यावर पुन्हा भांडण झाले, आणि त्यांनाही बोलावून घ्यायचे ठरले. गुरे घरी परतायची वेळ झाली तरी कोणी उठले नव्हते. आचार्य या सगळ्यात एक शब्दही बोलले नाहीत.

शेवटी पैकुजी संकोचून उभे राहिले. "गुरुजी, एक गोष्ट राहिली जी. नेम केला, त तो पह्यला तुमालेच लागते."

"लागायलाच हवा," आचार्य म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद श्रीरंगाने पूर्वी कधी पाहिला नव्हता.

शिक्षा ठरली. या वर्षी आश्रमाला डोंगराची चारोळी मिळायची नाही, आणि फळे पिकेपर्यंत पाळीच्या दोन घरांबरोबर गुरू-शिष्यांनीही रोज राखण करायची.

दुसऱ्या दिवशी दोघे डोंगरावर एका झाडाखाली बसले होते. श्रीरंग म्हणाला, "आचार्य, आपल्याला नियम करवून घ्यायचा होता, तर तो त्यांना सांगता आला असता. आपला शब्द कोणी मोडत नाही."

आचार्य हसले. "मी सांगितला असता तर तो माझा नियम झाला असता. मी आजारी पडलो असतो त्या दिवशी तो मोडला असता. श्रीरंग, तुझे चारही कप्पे बरोबर आहेत. डोंगर कोणत्या कप्प्यात आहे हे मला तुझ्याकडून कळले, आणि तो का उजाड होतो हेही. पण तू म्हणालास की याला अडवता कोणालाच येत नाही. का येत नव्हते? डोंगराला चार बाजू आहेत म्हणून? वाटा आजही तितक्याच आहेत. अडवता येत नव्हते, कारण अडवण्याचा हक्क आपल्याला आहे असे एकालाही वाटत नव्हते. प्रत्येक जण अंधारात जात होता, म्हणून कोणाला कोणावर रागावताच येत नव्हते. जे ते अंधारात करत होते तेच मी उजेडात केले. माझ्यावर रागावण्यासाठी त्यांना आधी एक वाक्य उच्चारावे लागले. 'हे आपले आहे.' इतकी वर्षे ते म्हणत होते, हे कोणाचेच नाही. जे कोणाचेच नाही ते लुटले जाते. जे आपले आहे त्याची राखण होते. मालक आणि राजा हे दोन उपाय तू सांगितलेस, आणि काही ठिकाणी तेच योग्यही असतात. तिसरा उपाय पारावर बसलेला होता. त्याला तू मोजले नव्हतेस."

"पण त्यांनी नियम केला नसता तर? त्यांनी आपल्याला फक्त शिव्या दिल्या असत्या तर?"

"तर मी शिव्या खाल्ल्या असत्या आणि डोंगर व्यापाऱ्याला गेला असता," आचार्य म्हणाले. "माणसांवर भरवसा ठेवायचा तर फसण्याचीही तयारी ठेवावी लागते."

श्रीरंग यावर विचार करत राहिला. त्याचे पुरते समाधान झाले नव्हते. नियम करणे वेगळे आणि पाळणे वेगळे, हेही त्याने वाचले होते.

वैशाख तोंडावर आला. फळांवर जांभळी छटा दिसू लागली. एका सकाळी आचार्य व पाळीच्या दुसऱ्या घरचा माणूस खाली ओढ्याकडची झाडे राखत होते आणि श्रीरंग व सायत्राबाई वर राखणीला होते, तेव्हा झाडांमधून लहानू येताना दिसला. त्याच्या हातात टोपली होती. श्रीरंग गडबडून उभा राहिला. हाच तो नियम मोडणारा पहिला माणूस, ज्याच्यामागून बाकीचे सगळे येतात. पुस्तकात तो असाच वर्णिलेला होता. आता याला ओरडावे, की धरावे, की पैकुजींना बोलवावे?

सायत्राबाई जागची हलली नाही. "लहानू, बस बापू," ती म्हणाली. "ऊन चढलं हाय."

लहानू उभाच राहिला.

"पोरगी कशी हाय? बाळंतीण जेवते ना?"

लहानूचा चेहरा बदलला. तो मटकन खाली बसला आणि टोपली त्याने पाठीमागे सारली. "घरी कणगी रिकामी झाली काकू," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "तिले दूध येत नाई. एक टोपली नेली असती, त आज बाजारात..."

"मंग हे काल काहून नाई सांगितलं?" सायत्राबाई रागावली. ती पदर खोचून उठली आणि श्रीरंगाला म्हणाली, "तुमी दोघं बसा जी इथं. मी आलीच."

ती गावात गेली. दुपारपर्यंत लहानूच्या घरी तांदूळ, डाळ आणि मेथीचे दाणे पोचले होते. कोणत्या घरातून किती आले हे कोणी विचारले नाही. लहानू मात्र खाली गेलाच नाही. त्याची पाळी नसतानाही संध्याकाळपर्यंत तो श्रीरंगाजवळ झाडाखाली बसून राहिला, आणि कोणते फळ उद्या पिकेल, कोणते परवा, ते त्याला दाखवत राहिला. परतल्यावर श्रीरंगाने घडलेले आचार्यांना सांगितले. शेवटी तो म्हणाला, "पगारी राखणदार असता तर त्याने लहानूला पकडले असते. बाळंतिणीची चौकशी केली नसती." आचार्यांनी नुसती मान हलवली. आज बोलण्याची पाळी शिष्याची होती.

तोडणीच्या दिवशी सकाळी ढोल वाजला आणि सारे गाव, शेजारच्या पाड्यासकट, डोंगर चढले. काळीभोर फळे बोट लावताच हातात येत होती. मुलांची तोंडे जांभळी झाली. लोक गर खात होते, टोपल्या भरत होते, आणि शेंडे तसेच सोडून पुढच्या झाडाकडे जात होते. बिया धुऊन, वाळवून घरोघर जात्यावर पडल्या तेव्हा दाणे टपोरे निघाले. व्यापारी आला, त्याने एक दाणा दाताखाली फोडला आणि डोळे मिटले.

"माझा कुंपणाचा खर्च वाचला," तो पैकुजींना म्हणाला, आणि मोकळेपणाने हसला.

नंतर एका संध्याकाळी गाव पुन्हा पारावर जमले. कोणी बोलावले नव्हते. लोकांना आता एकत्र बसायची गोडी लागली होती. आचार्य आणि श्रीरंगही गेले. बोलता बोलता पैकुजींनी नदीच्या डोहाचा विषय काढला. डोहातले मासे हल्ली लहान लहानच सापडत होते. कोणी जाळ्यांना दोष दिला, कोणी वरच्या गावाला, आणि बघता बघता आवाज चढले. मग एकाने श्रीरंगाकडे वळून म्हटले, "तुमी शिकलेले हा जी. याचं काय करावं?"

श्रीरंगाला उत्तर येत होते. डोह चौथ्या कप्प्यातला होता, हे त्याला विषय निघताच कळले होते. ते सांगायला त्याने तोंड उघडलेही. मग तो थांबला. त्याने समोरच्या माणसांकडे एकदा नीट पाहिले.

"डोहात कोण कोण जाळे टाकते?" त्याने विचारले. "ते सगळे आज इथे आहेत का?"

लोकांनी आजूबाजूला पाहिले. "दोन घरं नाई आली," कोणीतरी म्हणाले, आणि एक जण त्यांना बोलवायला उठला. आचार्यांनी पिंपळाच्या बुंध्याला पाठ टेकली आणि समाधानाने डोळे मिटले.

आपल्या इमारतीच्या बोअरवेलचे पाणी दर उन्हाळ्यात खाली जात असेल, तर पंपाला लावायला कुलूप शोधण्याआधी शेजाऱ्यांना एकदा गच्चीवर बोलवावे.